पिंकीची खोली, शंभर टक्के जुन्या मालात

३१ जुलै, गुरुवार (कंपनीची आठवड्याची सुट्टी)

काल कंपनीत ट्रेनिंग झालं. विषय: सर्क्युलर इकॉनॉमी. बाकीचे समोसा येईपर्यंत जागे होते, मी शेवटपर्यंत. मुद्दा सोपा आहे. जगात नवीन काही बनवायची गरजच नाही. जे बनलंय तेच फिरवत राहायचं. जुनं घर पाडलं की त्याच्या विटा, दारं, खिडक्या नव्या घरात. ट्रेनर म्हणजे कालचं पोरगं, पण हुशार. त्यानं विचारलं, तुमच्यापैकी घरी हे कोण करणार? मी हात वर केला. फक्त मीच. चाकणला इतकी वर्षं ऑटो पार्ट्सचं स्टोअर सांभाळतोय. माल फिरवायला मला कोण शिकवणार?

निर्णय झाला. पिंकी दसऱ्यानंतर पहिल्या बाळंतपणाला येणार. डॉक्टरनं नोव्हेंबरच्या मध्याची तारीख दिलीय. रुपीनगरच्या आपल्या घरामागं जागा नुसती पडून आहे. तिथं पोरीसाठी आणि बाळासाठी स्वतंत्र खोली बांधायची. एकही वस्तू नवी नाही. गणपतीपर्यंत खोली तयार. उशिरात उशिरा.

विजयश्रीला सांगितलं. ती म्हणाली, पिंकीची लग्नाआधीची खोली आहे की, पंखा तेवढा बदला. बायकोला व्हिजन नाही, याची नोंद.

वर तिनं जयदीपरावांचं नाव काढलं. जयदीपराव म्हणजे माझे साडू. ताथवड्याला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, तीन बेडरूम, लिफ्ट. मेव्हणी म्हणे आधीपासून मागं लागलीय, पिंकीला आमच्याकडंच ठेवा. मी साफ सांगितलं, पहिलं बाळंतपण बापाच्या घरी. मावशीच्या घरी झालं तर गावाकडं तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

चिखलीला नानासाहेबांचा बंगला बघून आलो. हे जुने गाववाले. शेती कधीच कारखान्यांखाली गेली, आता बंगलाही बिल्डरला दिला. तिथं टॉवर होणार. माल बघून डोळे भरून आले. पुढचा दरवाजा सागवानी, दोन पाखांचा म्हणजे दोन झडपांचा, पितळी कड्यांचा. मागं गोठ्याचे पत्रे, लांबलचक, एकही भोक नाही. (दोन आहेत. बारीक.)

नम्रपणे म्हटलं, एक दरवाजा, दोन खिडक्या, काही विटा आणि पत्रे द्या. नानासाहेब म्हणाले, "आसं निवडून न्हाई मिळायचं. ही काय भाजी हाय व्हय? न्यायचं तर समदं न्या, न्हाईतर उद्या जेसीबी येतोयच." मी समदं घेतलं. प्रोफेशनल माणूस संधी सोडत नाही.

एक अट घातली त्यांनी. दरवाजाचं तोंड त्यांच्या वडलांनी उगवतीला ठेवलं होतं, पुढंही उगवतीलाच राहिलं पाहिजे. "शबूद द्या." दिला. हातावर हात मारून दिला. आम्ही मराठवाड्याची माणसं, दिलेला शब्द फिरवत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

हाफ डे टाकला. छोटा हत्ती टेम्पोच्या खेपांवर खेपा. दारं, खिडक्या, ग्रिली, फरशा, विटा, पाण्याची टाकी, दगडी पाटा, देशी कमोड, एक विदेशी कमोड. मागं जेसीबीवाला हॉर्न वाजवत उभा. विचार करायला वेळच मिळाला नाही. एका अर्थी बरं झालं, नाहीतर माणूस उगाच निवडत बसतो.

१० ऑगस्ट, रविवार

स्टोअर लावलं. सगळी दारं पिंकीच्या जुन्या खोलीत, तात्पुरती. खिडक्या हॉलमध्ये. फरशा पलंगाखाली. विटा आणि कमोड गल्लीत. कंपनीच्या पद्धतीनं प्रत्येक वस्तूवर स्टिकर: हिरवा म्हणजे वापरा, पिवळा म्हणजे दुरुस्त करून वापरा, लाल म्हणजे रिजेक्ट. लाल स्टिकरचं पाकीट उघडायची वेळच आली नाही.

विजयश्रीनं विचारलं, टीव्ही कुठंय. खिडक्यांच्या मागं आहे. आवाज येतो. बातम्यांना तेवढं पुरतं.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडं शालनबाई राहतात. भिंतीवरून डोकावून विचारत होत्या, भंगाराचं दुकान टाकलं का. मी त्यांना सर्क्युलर इकॉनॉमी समजावली. चांगली समजावली. त्या म्हणाल्या, मग आमचा एक बंद पडलेला कूलर आहे. घेतला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

भैरू गवंडी आला. हात चांगला आहे, पण स्वभाव कुरकुऱ्या आणि दर तासाला तंबाखू. विटा बघून म्हणाला, "साहेब, ह्या खरवडत बसण्यापरीस नवीन विटंत मजला चढंल." निगेटिव्ह माइंडसेट. टीममध्ये असे असतातच.

मापावरून वाजलं. पत्रे बारा फुटी. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून शालनबाईंच्या भिंतीपर्यंत जागा साडेतेरा फूट. भैरू म्हणतो, पत्रा कापा, पलीकडं ऐसपैस बोळ राहील. मी म्हटलं, कापलेला तुकडा म्हणजे वेस्ट, आणि आपण वेस्ट करणार नाही. मालाप्रमाणं खोली करायची, खोलीप्रमाणं माल कापायचा नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की कंपनीच्या ग्रुपवर टाकलं. तिघांनी अंगठा दिला.

दुसरा वाद दाराचा. भैरूचं म्हणणं, दार स्वयंपाकघराच्या भिंतीतून काढा, आईला लेकीकडं जाता येईल. मी म्हटलं, धडधाकट भिंत फोडायची म्हणजे पुन्हा मलबा. शिवाय ती बाजू मावळतीची. दार पलीकडच्या अंगाला, उगवतीला. घराच्या कडेच्या बोळातून मागं जायचं, वळायचं, की दार. स्वयंपाकघराची खिडकी आयती खोलीत उघडतेय. गरम पाणी, शेकाची शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं तिथून पास होईल. कंपनीच्या स्टोअरलाही खिडकीच आहे. आजवर कुणाची तक्रार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आनंदाची बातमी. कंपनीच्या नोटीस बोर्डावर माझा फोटो. खाली लिहिलंय 'घरचा कायझेन', म्हणजे घरच्या घरी केलेली सुधारणा. मॅनेजर साहेब म्हणाले, खोली पूर्ण झाली की बाळाला घेऊन फोटो टाका, हेड ऑफिसला पाठवू. आता मागं फिरायचा प्रश्न नाही. तशीही मागं विटांची थप्पी आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

खोली आज पूर्ण होणार होती. पाया पूर्ण झालाय, हे विसरून चालणार नाही.

हॉलमध्ये जागा नाही म्हणून गणपती खिडक्यांच्या थप्पीवर बसवला. उंच छान दिसतो. विजयश्री आरती देवाची म्हणत होती, पण बघत माझ्याकडं होती. आरतीला आलेली माणसं आत मावली नाहीत, दारातूनच टाळ्या वाजवल्या. जयदीपराव गल्लीत विदेशी कमोडला टेकून फोनवर बोलत होते. जाताना म्हणाले, "काही लागलं तर सांगा भाऊ, आमची एक बेडरूम तशी रिकामीच असते." टोमणा होता. मी हसून सोडून दिलं. अजून सोडतोय.

नवी मुदत: पितृपक्ष लागायच्या आत.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. भिंती कमरेएवढ्या. निम्म्या विटा खरवडताना फुटल्या, तो दोष खरवडणाऱ्याचा.

विटा कमी पडल्या म्हणून पुढच्या दाराच्या पायऱ्या उखडल्या. आपलं जुनं घर, आपल्या जुन्या विटा, तत्त्वात अगदी बसतं. सध्या पायरीच्या जागी दगडी पाटा ठेवलाय. विजयश्री सकाळपासून घराबाहेर पडली नाही. म्हणते उतरताना पाटा डुगडुगतो. घरात थांबली तर विश्रांतीच मिळेल.

भैरू म्हणाला, पितृपक्षात चौकट उभी करत नसतात, कुठलाही गवंडी करणार नाही. आणि गावाला निघून गेला. उशिराचं रूट कॉज: पंचांग.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पिंकीचा फोन. जावई गणराजही होता. त्यानं सांगितलं की त्याच्या आईनं पिंकीला विचारलं होतं, इथंच राहतेस का, सगळी सोय आहे. पण पिंकी हट्टाला पेटली. बाबांकडंच जाणार म्हणाली. ऐकून ऊर भरून आला. पोरगी माझ्यावर गेलीय.

मग पिंकी म्हणाली, "बाबा, मला नवी खोली नको. माझी खोली तेवढी मोकळी करून द्या. तिथं पडलं की मला बरं वाटेल." अशा दिवसांत बायका हळव्या होतात. मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस, तुझ्यासाठी सरप्राइज आहे. त्यावर तिनं फोन गणराजकडं दिला. आनंद झाला असणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दसरा नेमका गुरुवारी. एक सुट्टी बुडाली. असो.

भैरू घटस्थापनेला परत आला, भिंती चढल्या, आणि आज चौकट उभी राहिली! हळदकुंकू, आंब्याची पानं, वर फडक्यात बांधलेलं धान्य. नानासाहेब फेटा बांधून आले होते, त्यांचा मुलगा ओंकार गाडीनं सोडून गेला. दाराच्या पाखावर हात ठेवून म्हातारा ढसाढसा रडला. म्हणाले, "पोरानं भाड्याच्या फ्लॅटात नेऊन ठिवलंय, अकराव्या मजल्यावर. बोलाया माणूस न्हाई. आता मी रोज दाराला भेटाया येत जाईन." मी म्हटलं, या की, घर तुमचंच आहे. ते येणार आहेत. साखरेचा चहा लागतो त्यांना, विजयश्रीला सांगून ठेवायला पाहिजे.

५ ऑक्टोबर, रविवार

पत्रे चढले. खोली झाली. शंभर टक्के जुन्या मालात. फोटो काढायला मागं सरकलो आणि पाठ शालनबाईंच्या भिंतीला टेकली.

दार आणि भिंत यांच्यात दीड फूट. दार आत उघडतं, त्यामुळं तांत्रिक अडचण काही नाही. आडवं व्हायचं, पोट आत घ्यायचं, सरकत जायचं. मी गेलो. शर्टाचं एक बटण तुटलं. सापडलं, परत लावता येईल.

भैरू म्हणाला, "साहेब, पोरगी कशी जायची आत?" मी म्हटलं, बाळंतपण झाल्यावर पोट राहत नाही. भैरू म्हणाला, "आन त्याच्या आदी?" हा मुद्दा त्यानं सुरुवातीलाच मांडायला हवा होता.

शालनबाईंना विचारलं, तुमची भिंत दोन फूट मागं घेता का, निघालेल्या विटा मी वापरीन. त्यांनी कूलर परत मागितला.

स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून दुसरी ग्रील बसवून घेतली. एवढ्या चांगल्या ग्रिली वाया कशाला घालवायच्या? दोन्हींचे गज एकमेकांसमोर येत नाहीत, त्यामुळं सुरक्षा डबल. ट्रायल घेतली. चपाती गुंडाळून जाते. वाटी जात नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पिंकी आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला. गणराजनं हात धरून पाट्यावरून वर घेतली.

घरात आल्याआल्या तिनं तिच्या जुन्या खोलीचं दार ढकललं. ते उघडेना. आतली दारांची थप्पी घसरून नेमकी दाराला टेकलीय. मी म्हटलं, ते स्टोअर आहे, तुझी खोली मागं. बोळातून घेऊन गेलो. वळणापर्यंत आली. भिंतीकडं बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं बघितलं, आणि हसायला लागली. मीही हसलो. मग बघतो तर ती रडत होती.

विजयश्री एकदम म्हणाली, "काय करून ठेवलाव हो हे! लेकरानं जावं कुठून?" माझ्याकडं उत्तर होतं, पण लांबलचक होतं. तोवर तिनं बहिणीला फोन लावला. पिंकी दोन दिवसांसाठी ताथवड्याला गेली आहे. फक्त दोन दिवस. तेवढ्यात सगळं सुटसुटीत करतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

विजयश्रीही ताथवड्याला. म्हणाली, "पोरीला नववा लागलाय, अन् मी हितं कमोड राखत बसू का?" नवऱ्याला असं बोलू नये. पण प्रश्न बरोबर होता.

पिंकीची जुनी खोली मोकळी करायला घेतली. दार वीतभर उघडतं. वीतभर फटीतून दारं बाहेर येत नाहीत. खिडकीतून काढायचं म्हटलं तर खिडकीसमोर टाकी. टाकी हलवायची तर बोळात पलंगाखालून काढलेल्या फरशा.

भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं कमोडला पायानं टकटक केलं आणि म्हणाला, "ये माल कौन लेगा, चाचा? आजकल सब रेडीमेड लेते हैं." मी त्याला सर्क्युलर इकॉनॉमी समजावायला घेतली. तो हातगाडी फिरवून निघून गेला. कूलरसुद्धा घेतला नाही.

भैरूचा फोन लागत नाही. दिवाळी.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ताथवड्याहून जेवायला बोलावणं होतं. गेलो नाही. साडूच्या घरी लक्ष्मीपूजनाला गेलो तर हार मान्य केल्यासारखं होईल. पोहे करून खाल्ले.

नानासाहेब फराळ घेऊन आले. हल्ली रोज येतात. दारासमोरच्या दीड फुटात आडवं स्टूल टाकून बसतात, पाठ शालनबाईंच्या भिंतीला, गुडघे दाराला. ते बसले की कुणाला आत जाता येत नाही आणि आत असेल त्याला बाहेर येता येत नाही. म्हणाले, "लई झ्याक जागा हाय ही. उगवतीचं ऊन येतंय." ऊन शालनबाईंच्या भिंतीवर येतं. त्यांना मी तसं सांगितलं नाही. सणाचा दिवस होता.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी संपली तरी पाऊस. पत्र्याची ती दोन बारीक भोकं एवढी बारीक नाहीत. सागवान फुगलंय, दार लागताना करकरतं. जुनं लाकूड जिवंत असतं असं म्हणतात.

भैरूचा फोन लागला. मोशीला मोठ्या साइटवर आहे, पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. पिंकीला फोन केला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात तुला घ्यायला येतो. ती म्हणाली, "बाबा, या ना नुसते. भेटायला या." भेटायला मी पाहुणा आहे का?

संकल्प: पुढच्या गुरुवारी अख्खा दिवस स्वतः त्या खोलीत राहून दाखवणार. सगळ्यांची तोंडं बंद.

६ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ

सकाळी चहाचा कप घेऊन खोलीत गेलो. मोबाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला. दार ढकलून लावलं. घट्ट लागलं, बरं वाटलं. मग उघडेना. ओढलं. खांदा दिला. लाथा घातल्या. पितळी कडी हातात आली.

थोड्या वेळानं मोबाईल वाजायला लागला. खिडकीतून दिसत होता. दोन्ही ग्रिलींतून हात घातला, बोटं तेवढी गेली, हात पुढं जाईना. स्क्रीनवर गणराजचं नाव. बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद. मला कळलं. तारीख लांब होती, पण पोर लवकर निघालं होतं. मी ओरडलो. शालनबाई गावाला गेलेल्या. खोलीचं बांधकाम भक्कम आहे, आवाज बाहेर जात नाही.

नानासाहेब त्यांच्या वेळेला आले. मी आतून म्हटलं, जोरात ढकला. त्यांनी हात टेकवल्यासारखं केलं. म्हटलं, जोर लावा हो! म्हणाले, "जोर लावला तर पाखं चिरंल. माझ्या बाच्या हातचं दार हाय." मी हात जोडले. त्यांना दिसले नाहीत, पण जोडले. म्हटलं, माझ्या पोरीला कळा सुरू झाल्यात, घरात जा आणि तेवढा फोन घ्या. मग मात्र म्हातारा लगबगीनं पुढून आला, पाट्यावर चढला, स्वयंपाकघरात आला. फोन ग्रीलमधून मला द्यायला बघितला. दुसऱ्या ग्रीलला अडकला. मग त्यांनीच कानाला लावला. "हॅलो, कोन?... व्हय... व्हय... आरं वा!" आणि ठेवला.

म्हणाले, "नात झाली तुमाला. मायलेकी बऱ्या हायेत."

वजन किती, कुणासारखी दिसते, पिंकी काय म्हणाली, मला विचारत होती का? "ते न्हाई इचारलं," म्हणाले. परत फोन लावला तर कुणी उचलेना. मग मला ग्रीलमधून बिस्किट दिलं. बिस्किट बरोबर जातं.

मी फरशीवर बसून रडलो. आनंदानं असं लिहिणार होतो. पण नुसता आनंद नव्हता तो. पोरगी माझ्या नावानं हट्ट करून बसली होती आणि मी मीच बांधलेल्या खोलीत कोंडून पडलो होतो.

भैरूला नानासाहेबांनी फोन केला. दुपार कलल्यावर मशीन घेऊन आला, दोन्ही ग्रिली कापल्या, खिडकीखालची भिंत फोडली आणि मी स्वयंपाकघरात बाहेर आलो. अंगावर सगळी धूळ. भैरूनं आधी माझ्याबरोबर सेल्फी काढला, मग हसला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात जाऊन आलो. नात झोपली होती. बोटं लांब आहेत. पिंकी म्हणाली, "काल कुठं होता बाबा?" मी म्हटलं, साइटवर. विजयश्रीला भैरूच्या स्टेटसवरून सगळं कळलं होतं, पण ती गप्प राहिली. उपकार.

एक चांगलं झालं. फुटलेल्या खिडकीची जागा आता दाराएवढी आहे. स्वयंपाकघरातून सरळ खोलीत जाता येतं. म्हणजे खोली वापरायला तयार! दवाखान्यातून पिंकीला थेट इकडंच आणायचं असं मी सुचवलं. जयदीपरावांनी गाडी आधीच दवाखान्याच्या दरवाज्याशी लावली होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ओंकार टेम्पो घेऊन आला. टॉवरच्या लॉबीत बिल्डरला जुना सागवानी दरवाजा हवाय, म्हणे लूक येतो. नानासाहेब पुढं बसलेले, खुशीत. मी विचारलं, लॉबीचं तोंड कुठं? मावळतीला. म्हटलं, मग उगवतीचं काय? म्हणाले, "वास्तुवाल्यानं बगितलंय. आता मावळती बी चालती."

मी म्हटलं, नानासाहेब, शब्द झाला होता आपला. ते म्हणाले, "शबूद तुमी दिल्ता की. म्या कुटं दिल्ता?"

दरवाजा बाहेर निघेना. शेवटी आडवा करून भिंतीवरून शालनबाईंच्या अंगणातून नेला. त्यांनी त्याच वेळी कूलरचं बोलून घेतलं. बाकीचा माल? नानासाहेब म्हणाले, ऱ्हाऊ द्या तुमाला. मोठ्या मनाचा माणूस.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बारशाचा पाळणा आजोळचा असतो. ही गोष्ट मावशीच्या फ्लॅटमध्येही बदलत नाही. मंगळवारी बारसं आहे.

दोन दिवस सुट्टी टाकून पाळणा केला. स्टोअरमधल्या एका दाराच्या फळ्या (फटीतून करवत घालून काढल्या), बंगल्यातल्या देवघराच्या कठड्याच्या लाकडी कांबी, खिडकीच्या साखळ्या. घासला, तेल पाजलं, काठ हातानं गोल केले. कुठं फट नाही, कुठं कुसळ नाही. पहिल्यांदाच काहीतरी मापात बसलं. हिरवा स्टिकर लावला, मग काढून टाकला. याला स्टिकर नको.

नात यात झोपेल. मग पिंकीला आपोआप पटेल की बाबांचं बरोबर होतं. किंवा नाही पटलं तरी चालेल. झोपू दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाळणा रिक्षात घालून ताथवड्याला गेलो. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. नवीन पोरगं. म्हणाला, अंकल, भंगार आत नेता येत नाही, कमिटीचा नियम आहे. मी म्हटलं, पाळणा आहे. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "हां, लेकिन पुराना है ना." जयदीपरावांना फोन लावतो म्हणाला. मी नको म्हटलं. वर सगळे पाहुणे, आणि साडूनं गेटवर येऊन माझा पाळणा सोडवून न्यायचा, हे मला झेपलं नसतं. म्हटलं, राहू दे इथं भिंतीशी, जाताना बघू. मोकळ्या हातानं वर गेलो.

वर जयदीपरावांनी पाळणा आणलेला होता. पांढरा, स्वतःहून झुलणारा, गाणं म्हणणारा. सगळे त्यांचं आजोबा आजोबा म्हणून अभिनंदन करत होते. ते प्रत्येकाला थांबवून माझ्याकडं बोट करत होते, अहो, आजोबा हे. फार भले गृहस्थ आहेत. त्यामुळं जास्त लागलं.

आत्यानं कानात नाव सांगितलं. रेवा. पिंकीनं माझ्या मांडीवर दिली. गरम होती, मुठी आवळलेल्या. मी म्हटलं, पिंकी, आता सरळ आत जाता येतं गं, दारच नाही राहिलं. सव्वा महिना झाला की सासरी जाण्याआधी एक दिवस तरी घेऊन ये हिला घरी. एकच दिवस. पिंकीनं माझ्या बाहीवर लागलेला लाकडाचा भुसा झटकला आणि म्हणाली, "बघू बाबा."

विजयश्रीनं विचारलं, आजोळचं काय आणलंत? म्हटलं, राहिलं.

खाली आलो तर भिंतीशी पाळणा नव्हता. वॉचमनला विचारलं. म्हणाला, दुपारी कचऱ्याची गाडी आली होती, त्यांनी उचलला. माझा चेहरा बघून समजुतीनं म्हणाला, टेन्शन मत लो अंकल, सब रिसायकल होता है.

बसनं घरी. कंपनीत आता खोलीतला बाळाचा फोटो मागतील. उद्या फर्स्ट शिफ्ट.